जागा आहे का, विचारलंस

शाल्मली,
तुझं पत्र आलं तेव्हा मी क्लिंच नदीत पालथी पडले होते,
तोंडात नळी, नाक दगडांना टेकलेलं,
म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

हो, जागा आहे. एक.
पाच वर्षांचं विद्यावेतन, फी माफ,
बदल्यात आठवड्याला वीस तास
पहिल्या वर्षाच्या मुलांना
बेडूक कापायला नाही, आवाजावरून ओळखायला शिकवायचं.
भाडं जाऊन उरतं त्यात तांदूळ, मसूर,
आणि दोन वर्षांतून एकदा घरचं तिकीट.
जीआरई आता लागत नाही.
पोहता यायला हवं.

निवेदनात काय लिहू, विचारतेस.
मी अकरा मसुदे केले.
दहांत होतं, 'लहानपणापासून निसर्गाची ओढ.'
अकराव्यात रात्री अडीचला आई लिहिली:
आचऱ्याच्या खाडीत, ओहोटीला, गुडघाभर चिखलात
पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपणारी,
बाजारात वाटे लावताना
बारक्या निवडून टोपलीत मागे ठेवणारी
आणि परतताना त्या खाडीत सोडणारी.
का, तर 'तेंका अजून दिवस आसत.'
डॉक्टर लोरेटा स्टिल्टनर नंतर म्हणाल्या,
बाकीची दोन पानं मी वाचलीच नाहीत.

इथल्या शिंपल्यांची नावं ऐक:
सशाचा पाय. माकडतोंड्या. डुकराचा खूर.
आणि जिच्यापाशी माझा प्रबंध अडलाय ती,
तपकिरीची डबी.
तळाशी किंचित उघडी बसते.
खडे उलटत एक मासा येतो,
नको तिथे नाक खुपसतो,
आणि डबी मिटते.
त्याचं डोकं घट्ट धरून
ती त्याच्या कल्ल्यांत आपली पोरं सोडते,
मग त्यालाही सोडते.
मासा निघतो धारेच्या उलट.
पोरं काही आठवडे त्याच्या अंगावर,
मग कुठेतरी वर, अनोळखी वाळूत,
पकड सुटते.
बहुतेक मरतात.
व्हिसाच्या रांगेत उभी असताना
मला हे ठाऊक नव्हतं, ते बरंच झालं.

या उन्हाळ्यात एकशे बारा चौकटी टाकल्या.
डब्या मिळाल्या नऊ.
नऊही जुन्या, कवचं झिजलेली,
पाठीवर आमचे इवले आकडे चिकटवलेले.
पोर एकही नाही.
पुलावरून बघशील तर नदी छान आहे,
लोक रबरी ट्यूब घालून तरंगत जातात, हात करतात.
तळाशी मात्र असं गाव,
जिथली शाळा पटाअभावी बंद झालीय.

आई रविवारी फोनवर विचारते,
'खावचे नाय, मगे मोजतंस कित्याक गो?'
परीक्षक समितीही हेच विचारते,
फक्त जरा लांबवून.

आता एक गोष्ट, लोरेटाला सांगू नकोस.
गुरुवारी, शेवटच्या चौकटीच्या कडेला,
मसुराच्या डाळीएवढं काहीतरी मिळालं.
मिटलेलं. जिवंत.
डबीचं असेल, दुसऱ्या कुणाचं असेल,
सूक्ष्मदर्शकाखाली नेलं असतं तर कळलं असतं.
बाटली हातात होती. झाकणही उघडलं होतं.
मग मी ते होतं तिथेच
दोन बोटांनी वाळूत दाबून ठेवलं.
फोटो नाही, नोंद नाही,
म्हणजे शास्त्राच्या हिशोबी ते नव्हतंच.

असं करणारी संशोधक चांगली की वाईट,
हे तू इथे आल्यावर ठरव.

अर्ज एक डिसेंबरपर्यंत.
शिफारसपत्रं तीन, त्यांपैकी एक तरी अशा माणसाचं
ज्याने तुला चिखलात पाहिलंय.
लोकरीचे मोजे तिथून आणू नकोस, इथले घे.
आणि खाडीतल्या तिसऱ्या खाऊन ये.
इथल्या कुणी खात नाही.